पाठ सरळ झाली, उजवा पाय हलेना

ऑपरेशनच्या आधी मी मोबाईलवर खूप शोधलं होतं. सापडलं ते दोनच प्रकारचं होतं. एकीकडे हसऱ्या मुलींचे आधीचे आणि नंतरचे फोटो. दुसरीकडे वाचून झोप उडेल असे किस्से. ज्यांचं काहीतरी बिघडलं आणि मग बरंचसं सावरलं, अशी मधली माणसं मला कुठेच दिसली नाहीत. मी त्या मधल्यांपैकी आहे. म्हणून हे लिहायला बसले.

माझं नाव प्रणाली. आमचं गाव पवनी तालुक्यात, मोठ्या तलावाच्या काठी. बाबा त्या तलावात मासे धरतात, आई बाजाराच्या दिवशी पवनीला जाऊन ते विकते. मी त्यांची एकुलती एक. आता भंडाऱ्याला कॉलेजात शिकते. हे सगळं घडलं तेव्हा मी नववी संपवून दहावीत जात होते.

लुगड्याचा काष्टा

शाळेच्या गॅदरिंगला आमचा नाच होता आणि नाचाला नऊवारी नेसायची होती. आई मला नेसवत होती. काष्टा मागे खोचला की एक बाजू वर आणि एक खाली दिसायची. तिने पिना काढल्या, पुन्हा लावल्या, पुन्हा काढल्या.

"सरळ उभी राय ना वं."

"उभीच आहे ना मी."

एक पिन खाली पडली. ती उचलायला मी वाकले आणि आईचा हात थांबला. माझ्या पाठीची उजवी बाजू डावीपेक्षा वर आलेली तिला दिसली. आत कोणी मूठ धरून ठेवल्यासारखी, असं तिने नंतर मला सांगितलं. तेव्हा तिने नुसती पिन खोचली. मी नाचले, आम्हाला दुसरा नंबरही मिळाला. दुसऱ्या दिवशी आंघोळीच्या वेळी ती आत आली आणि माझ्या पाठीवरून बोट फिरवत राहिली.

"दुखते का अठी?"

"नाई."

"मंग अठी?"

कुठेच दुखत नव्हतं. आज वाटतं, दुखलं असतं तर बरं झालं असतं. दुखणाऱ्या गोष्टीकडे घरात लवकर लक्ष जातं.

फोटो

भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी एक्सरे काढला आणि नागपूरला मणक्याच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्या डॉक्टरांनी एक्सरे दिव्यावर लावला. माझा कणा वरून उजवीकडे जायचा आणि खाली येता येता डावीकडे वळायचा. बाबा खुर्चीवरून उठून अगदी जवळ गेले.

"साहेब, हा इचाच आहे ना? दुसऱ्या कोणाचा त नाई आला?"

डॉक्टर हसले नाहीत. "हिचाच आहे. याला स्कोलिओसिस म्हणतात. वाढीच्या वयात होतो, जास्त करून मुलींना. का होतो ते आम्हालाही नीट माहीत नाही. दप्तरामुळे झालेला नाही, झोपण्यामुळे नाही, काम केल्यामुळे नाही. कोणाचीही चूक नाही."

हे ऐकल्यावर आई रडायला लागली. मी लहानपणापासून बोअरवेलवरून पाण्याची घागर एकाच कमरेवर आणायचे. त्या घागरीमुळे झालं असं धरून ती कितीतरी दिवस गप्प होती.

पाठीला पट्टा बांधून बाक थांबवायची वेळ निघून गेली होती. बाक मोठा होता, माझी वाढ अजून बाकी होती, म्हणजे तो वाढणार होता. पुढे फुप्फुसाला जागा कमी पडली असती. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं: मणक्यांत स्क्रू, स्क्रूंमधून दोन सळया, आणि त्या सळयांनी कणा शक्य तेवढा सरळ करायचा. मग त्यांनी काय काय बिघडू शकतं तेही सांगितलं. रक्त जातं, जखमेत पू होऊ शकतो, स्क्रू हलू शकतो. शेवटी नसांचं सांगितलं.

बाबांनी बाकीचं काही ऐकलंच नाही. "म्हणजे पाय जाऊ शकते?"

"फार कमी वेळा होतं. ऑपरेशन चालू असताना आम्ही यंत्रावर नसांचे सिग्नल बघत असतो. पण कधीच होत नाही असं मी तुम्हाला सांगणार नाही."

घरी आल्यावर हे एकच वाक्य आमच्याबरोबर राहू लागलं. बाबा म्हणायचे, चालती फिरती पोरगी आहे, कायले चाकू लावायचा. आई म्हणायची, आज चालून राहिली, दहा सालानं श्वास नाही पुरला त मंग? दोघं एकमेकांशी बोलायचे, माझ्याशी नाही. एक दिवस जेवताना मीच म्हटलं, "मले करायचं आहे."

कारण श्वासाचं होतं, हे खरं. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, चढले की मला दम लागायचा. पण तेवढंच नव्हतं. शाळेच्या रांगेत मागच्या मुली माझ्या शर्टाकडे बघतात हे मला मानेवर जाणवायचं. मला सरळ व्हायचं होतं. पंधराव्या वर्षी हे कारण कमी वाटत नाही.

पहिला दिवस चांगला गेला

ऑपरेशनची मला आठवण नाही. आठवतो तो थंडपणा आणि कोणीतरी माझं नाव खूप वेळा घेतलेलं. डोळे उघडले तेव्हा डॉक्टर पायाशी होते.

"प्रणाली, डावा पाय हलव. शाबास. उजवा. छान."

दोन्ही हलले. नंतर कळलं की मधे एकदा यंत्रावरचे सिग्नल थोडे खाली गेले होते, त्यांनी थांबून पाहिलं आणि ते परत आले होते. तेव्हा आम्हाला एवढंच माहीत होतं की सगळं नीट झालं. बाबांनी गावातल्या जवळजवळ प्रत्येकाला फोन लावला. आई आत आली तेव्हा मला डोक्यापासून पायापर्यंत बघत राहिली.

"उंच झाली वं तू."

पाठीत विस्तव ठेवल्यासारखं दुखत होतं, घसा नळीने सोलला होता, तरी मला हसू आलं.

दुसरी सकाळ

सकाळी ड्युटीवरच्या सिस्टर आल्या. ताप पाहिला, बीपी पाहिलं, मग नेहमीसारखं म्हणाल्या, "चल, दोन्ही पाय वर कर."

मी केले.

त्या माझ्या पायांकडे बघत होत्या. "उजवा पण."

मला वाटलं त्यांनी नीट पाहिलं नसेल. मी पुन्हा केला. माझ्या मनात तो उचललेला होता. मांडीतून तसं जाणवतही होतं. पण मान थोडी वळवून पाहिलं तर डावा पाय वर होता आणि उजवा चादरीवर पडलेला होता, दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा.

"बोटं हलव. अंगठा."

अंगठा हलला नाही. सिस्टरांनी तळव्याला पेनाचं टोक लावलं.

"कळतं?"

"थोडं. मोज्यावरून लावल्यासारखं."

त्या धावल्या नाहीत. मला आजही आठवतं, त्या मुद्दाम न धावता खूप भरभर चालत गेल्या. आणि त्यांच्या त्या चालण्यानेच मला कळलं.

मग माझ्याभोवती खूप माणसं जमली. बीपी वाढवायचं औषध लावलं, मशीनमध्ये नेऊन आणलं. सगळे माझ्या अंगावरून इंग्रजीत बोलत होते. मी कोणाचा तरी हात धरून ठेवला होता, कोणाचा होता ते अजून माहीत नाही. शेवटी डॉक्टर वाकले आणि मराठीत बोलले.

"कणा सरळ केल्यामुळे नसांना रक्त कमी पडतंय असं मला वाटतं. मला आता लगेच सळया काढायच्या आहेत. स्क्रू राहतील. कणा परत थोडा वाकेल. पण आधी पाय."

"पाय येईन?" हे मी नाही, बाबांनी विचारलं. ते दारात उभे होते, हातात माझ्यासाठी आणलेली चहाची पिशवी तशीच.

"येईल असं मला वाटतं. थांबलो तर शक्यता कमी होत जाईल."

बाबांनी एका दमात सही केली. सही झाल्यावर मात्र पेन परत कसा द्यायचा ते त्यांना सुचेना. ते पेन हातात धरून भिंतीला लागून उभे राहिले. मला नेताना मी त्यांना तसंच पाहिलं.

छत

दुसऱ्यांदा जागी झाले तेव्हा डॉक्टरांनी पुन्हा तेच सांगितलं. डावा हलव. उजवा हलव. उजवा हलला नाही. "वेळ लागतो," ते म्हणाले. किती, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

त्यानंतर मी पाठीवर पडून राहिले. सळया नसल्यामुळे बसायची परवानगी नव्हती. कूस बदलायला तिघं-चौघं यायचे, खांदा, कंबर आणि पाय एकदम धरायचे आणि ओंडका लोटतात तसं मला वळवायचे. जेवण आडवंच. बाकीचं सगळंही आडवंच, आणि ते सगळं आईच्या हातून. पहिल्यांदा मी लाजेने तोंड फिरवून घेतलं. आई म्हणाली, "तू लहान होती तवा कोण करत होतं?" मी म्हटलं, तेव्हा मला समजत नव्हतं. ती म्हणाली, "त आताही समजू नोको."

भीती कशी असते ते लिहायचं ठरवलं आहे म्हणून लिहिते. रडू येणं ही भीती नव्हती, रडल्यावर उलट बरं वाटायचं. खरी भीती म्हणजे तो पाय दिवसभर तपासत राहणं. कोणी बोलत असलं की मी 'हो, हो' म्हणायचे आणि आतून अंगठ्याला हाक मारत असायचे. हाक जायची, उत्तर यायचं नाही. थोड्या वेळाने वाटायचं, आपणच ती हाक कशी मारायची ते विसरत चाललो आहोत.

शेजारच्या खाटेवर बपेऱ्याची एक काकू होती. खुब्याचं हाड मोडून आलेली. तिचं गाव मध्य प्रदेशाला लागून, त्यामुळे अर्धं बोलणं हिंदी. तिला माझ्या आजाराची जराही भीड नव्हती. बाकी सगळे माझ्या पायाकडे चोरून बघायचे, ती सकाळी उठल्या उठल्या मोठ्याने विचारायची,

"काहो प्रणालीबाई, उठा क्या तुम्हारा पाँव?"

"नाही काकू."

"सोने दो. थका होगा. माहा बी झोपलाच आहे."

आणि मग ती तिच्या बकऱ्यांचं सांगायची. कोणती बकरी कोणाच्या वावरात घुसली, त्यावरून कोण कोणाशी बोलत नाही. मला त्या गावातली सगळी भांडणं पाठ झाली होती. काकूच्या बोलण्यात असेपर्यंत मी अंगठ्याला हाक मारायची विसरायचे. औषध नव्हतं ते, पण त्या दिवसांत मला मिळालेली सगळ्यात मोठी सुटी होती.

पडद्यापलीकडे

आई-बाबांचं भांडण मी ऐकलं ते एका दुपारी. त्यांना वाटलं मी झोपले आहे. ते पडद्याच्या पलीकडे खिडकीपाशी उभे होते. आई म्हणत होती की तुम्ही गावी जाऊन या, दोन रोज तरी आराम होईल. बाबा म्हणाले,

"मी कोठी जाऊ? काय तोंड घेऊन जाऊ? तुले सरळ पोरगी पायजे होती. झाली सरळ. आता झोपून आहे."

मला वाटलं आई काहीतरी बोलेल. भांडणात माझी आई कधी मागे राहत नाही, बाजारात तिच्याशी घासाघीस करायला लोक घाबरतात. ती काहीच बोलली नाही. थोड्या वेळाने आत आली, कंगवा घेतला आणि माझे केस विंचरायला लागली. उशीवर पसरलेले केस खालून वर, एकेक बट सोडवत. तिचं जेवण त्या दिवसापासून कमी झालं. डबा बाबा आणायचे, ती उघडायची, मला भरवायची आणि झाकण लावायची. दोघं एकमेकांशी फक्त औषधांचं बोलायचे.

याबद्दल कोणी आधी सांगत नाही. आजार एका अंगात असतो, पण घरात बाकीच्यांनाही कुठेतरी मुका मार बसलेला असतो. तो कोणत्याच एक्सरेत दिसत नाही.

अंगठा

आई ओल्या फडक्याने माझे पाय पुसत होती. उजव्या पायाच्या बोटांच्या बेचक्यात फडकं गेलं आणि ती एकदम थांबली.

"हालवलं तू?"

"काय?"

"अंगठा. आता हालवला तू."

"मी नाई हालवला."

"मंग आता हालव."

मी हाक मारली. मला काहीही जाणवलं नाही. पण आईने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. काकू तिच्या खाटेवरून ओरडली, "हिला! मैंने देखा, हिला!" आणि सिस्टर आल्या, मग डॉक्टर आले, आणि मला तो अंगठा इतक्या वेळा हलवून दाखवावा लागला की शेवटी तो थकून पुन्हा हलेना. मग मीच घाबरले. डॉक्टर म्हणाले, "झोपू दे त्याला. आता येईल तो."

तो हळूहळू आला. आधी बोटं, मग घोटा खाली दाबणं. घोटा वर उचलणं सगळ्यात शेवटी, तेही अर्धंमुर्धं. व्यायामाच्या मॅडम रोज यायच्या. पुढे मला छाती-पाठीचा कडक पट्टा बांधून उभं केलं. पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा खोली फिरली आणि उजवं पाऊल जमिनीवर घासत राहिलं. पण माझं वजन माझ्या दोन पायांवर होतं. काकूला तोपर्यंत सुट्टी झाली होती. तिला हे बघायला मिळालं नाही याचं मला वाईट वाटलं. आईने तिला फोन करून सांगितलं तर ती म्हणाली, मैंने तो पहलेच बोला था.

पुन्हा एकदा

मला वाटलं, संपलं. पण डॉक्टर एके दिवशी स्टूल ओढून बसले. डॉक्टर बसून बोलायला लागले की मी आधी खाटेची कड धरायचे.

स्क्रू नुसते ठेवून उपयोग नव्हता. कणा आधीपेक्षा वेगाने वाकण्याची भीती होती. त्यांना पुन्हा सळया घालायच्या होत्या. "या वेळी सरळ करायला जाणार नाही. पाय चांगला असताना कणा जिथे आहे, जवळपास तिथेच धरून ठेवणार. थोडा बाक राहील. खांदा थोडा वर-खाली राहील."

"नाई," बाबा म्हणाले. "जशी आहे तशी घरी नेतो मी."

आई भिंतीकडे बघत होती. तिने मत द्यायचं सोडून दिलं होतं.

मी डॉक्टरांना विचारलं, "पुन्हा तसंच झालं तर?"

"पुन्हा काढू."

"आणि तेव्हा पाय नाही आला तर?"

त्यांनी स्टूल अजून जवळ ओढलं. मग म्हणाले, "तर निर्णय माझा चुकलेला असेल आणि भोगावं तुला लागेल. म्हणून मी तुला विचारतोय, तुझ्या बाबांना एकट्यांना नाही. मला विचारशील तर करावं असं माझं मत आहे. घाई मात्र नाही."

इतकं सरळ आजवर मला कोणी उत्तर दिलं नव्हतं. त्याने भीती कमी झाली नाही. पण ती कुठून कुठपर्यंत आहे ते दिसलं.

दुपारी बाबांनी मला चाकाच्या खुर्चीत बसवून व्हरांड्यात उन्हाला नेलं. आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, "बाबा, आईले तसं काहून बोलले?"

"कसं?"

"सरळ पोरगी पायजे होती म्हणून."

ते माझ्या मागे उभे होते, त्यांचं तोंड मला दिसत नव्हतं. "ऐकलं तू?"

"मी म्हटलं होतं ऑपरेशन करायचं. मले सरळ व्हायचं होतं. आईले नाई."

"तू लहान आहेस वं. तुह्यावर कसं टाकू मी?" त्यांनी खुर्ची थोडी उन्हात सरकवली. मग म्हणाले, "कोणाले तरी धरा लागते ना पोरी. डाक्टरले धरलं त तुले कोण पायीन? देवाले धरलं त भेव लागते. तुही माय जवळ होती."

मी मान मागे टेकवली.

"मी पाण्यात उतरतो तवा मले भेव नाई लागत," ते म्हणाले. "पाणी किती खोल आहे, गाळ कोठी आहे, मले समजते. अठी मले काईच समजत नाई. नुस्तं उभं राहा लागते."

"मलेही भेव लागून राहिला, बाबा."

"मंग?"

"मंग बी करू."

त्यांनी खुर्ची वळवली. वॉर्डात आलो तेव्हा आई डब्याचं झाकण लावत होती. बाबांनी ते झाकण तिच्या हातातून काढून घेतलं आणि म्हणाले, "जेव आधी." आईने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पोळीचा तुकडा मोडला. यापेक्षा जास्त माफी आमच्या घरात कोणी कोणाची मागत नाही.

हलवायचं नाही

तिसऱ्यांदा त्या थंड खोलीत गेले आणि तिसऱ्यांदा माझं नाव घेतलेलं ऐकलं.

"प्रणाली, पाय हलव."

मी ऐकलं होतं. मी पूर्ण जागी होते. तरी मी हलवला नाही. न हलवेपर्यंत दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, पाय आहे आणि पाय नाही. हलवायला गेले की एकच उरणार होती. मला अजून थोडा वेळ हवा होता.

"प्रणाली?"

डॉक्टरांचा आवाज थोडा बदलला. तो ऐकून मला त्यांची दया आली, खरंच. मी आधी डावा हलवला. मग डोळे गच्च मिटले आणि उजव्याला हाक मारली.

"हं," ते म्हणाले. "हं. छान. छान." आणि त्यांनी माझं पाऊल क्षणभर हातात धरून ठेवलं.

पण माझ्यासाठी ती परीक्षा नव्हतीच. मागच्या वेळीही पहिल्या दिवशी पाय हलला होता. मी दुसऱ्या सकाळची वाट बघत होते, आणि घरचेही, फक्त कोणी बोलत नव्हतं. उजाडलं तसे बाबा आत आले आणि सिस्टर यायच्या आधीच पायाशी बसले. "हालव." मी हलवला. थोड्या वेळाने पुन्हा, "हालव." डॉक्टर येऊन गेले, तपासून गेले, तरी बाबा उठेनात. दुपारपर्यंत त्यांनी इतक्यांदा हलवायला लावला की मी वैतागून म्हटलं, "बाबा, थकली ना मी! आता तुमचा हालवा!"

बाबांनी खरोखर स्वतःचा पाय उचलून हलवून दाखवला. आई हसली. मग बाबा हसले आणि हसता हसता त्यांनी गमछा तोंडावर घेतला, आणि तो बराच वेळ काढला नाही.

आता

माझा कणा सरळ नाही. उजवा खांदा थोडा वर आहे. कमरेपासून वर मला वाकता येत नाही, खाली पडलेलं उचलायला गुडघ्यात बसावं लागतं. उजवा घोटा डाव्याएवढा उचलला जात नाही. धानाच्या रोवणीच्या दिवसांत शेताच्या कडेच्या चिखलातल्या धुऱ्यावरून चालताना उजव्या पायातली चप्पल मागे राहते. सुरुवातीला घोट्याला आधाराची पट्टी वापरत होते, आता लागत नाही. दहावीचं एक वर्ष गेलं. पाळीवर मात्र मी न थांबता चढते.

भीती गेली नाही. पाय अवघडून मुंग्या आल्या की मी लोकांत असले तरी बुटात अंगठा हलवून बघते. बहुतेक आयुष्यभर बघेन.

ज्यांच्या घरी हे येणार आहे त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं. काय बिघडू शकतं ते डॉक्टरांना विचारा, आणि बिघडलं तर तुम्ही काय कराल, तेही विचारा. जिचं ऑपरेशन आहे तिच्यासमोर विचारा. तिला बाहेर बसवू नका. ती बाहेर बसून यापेक्षा वाईट विचार करत असते.

मागच्या महिन्यात मोहाडीकडून एक बाई तिच्या मुलीला घेऊन माझ्या खोलीवर भंडाऱ्याला आली. आमच्याच डॉक्टरांनी माझ्या परवानगीने माझा नंबर दिला होता. मुलगी चौदा-पंधरा वर्षांची, ओढणी दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतलेली. बाईच सगळं विचारत होती. किती दुखते, पट्टा किती महिने, लग्नाले काही अडचण त येत नाही ना. मुलगी खाली बघत होती. मी बाईंना म्हटलं, "काकू, खाली चहाची टपरी आहे, चहा छान मिळतो. तुम्ही घेऊन या."

त्या गेल्या. मुलीने ओढणी जरा सैल केली.

"ताई, पाय गेला तवा वाटलं का, कायले केलं म्हणून?"

"वाटलं. रोज वाटलं."

"मंग पुन्हा काहून केलं?"

मी तिला खरं तेच सांगितलं, की मला नीट सांगता येत नाही. श्वास होता, पुढचं आयुष्य होतं, डॉक्टरांवर विश्वास बसला होता. आणि हो म्हणतानासुद्धा माझे हात गार पडले होते. "तू माझ्याकडे बघून ठरवू नको," मी म्हटलं. "माझ्यासारखं तुझं होईल असं नाही. होणारच नाही असंही नाही."

तिने मान हलवली. मग हळूच म्हणाली, "पाहू का?"

मी पाठमोरी झाले आणि कुर्ता वर केला. तिने मानेच्या खालून व्रणावर बोट ठेवलं आणि सावकाश खाली आणलं.

"समजते का तुले, मी हात लावला त?"

"वर समजतं. मधे नाही. आता समजलं. इथे."

तेवढ्यात दार वाजलं. तिची आई चहा घेऊन परत आली होती. मुलीने माझ्या पाठीवरचं बोट काढलं नाही. दाराकडे तोंड करून ती म्हणाली,

"आई, तू अजून एक चाय पिऊन ये. माहं विचारणं झालं नाई."